टेकडी, कुत्रा आणि दोरी



आपल्या खेड्यापाड्यांतून कुत्र्याला फिरावयास नेण्याची रीत नाही. तो आपला आपणच फिरतो. पहाटे उठून शेताच्या बांधावरून एक फेरी घालतो, विहिरीपाशी थोडा रेंगाळतो, शेजारच्या कुत्र्याशी जुने भांडण उकरून काढतो आणि भाकरीच्या वेळेस ओसरीच्या पायरीशी हजर होतो. त्याच्या गळ्यात पट्टा नसतो आणि आपल्या हातात दोरी नसते. मीही अशाच घरात लहानाचा मोठा झालो. त्यामुळे शहरातील एक सभ्य गृहस्थ दोरी धरून कुत्र्यामागे धावत असलेले मी प्रथम पाहिले, तेव्हा कोण कोणास फिरवीत आहे हे मला कळेना, आणि मी मनातल्या मनात पुष्कळ हसलो.

त्या हसण्याची भरपाई मला पुढे करावी लागली. पोटापाण्याच्या उद्योगाने हैदराबादेस आलो आणि नामपल्लीच्या रेल्वे स्थानकाजवळ बिऱ्हाड केले. हे स्थानक १९०७ सालचे. माणसांची वर्दळ येथे रात्रीही थांबत नाही. एके वर्षी पावसाळ्यात, स्थानकाबाहेरच्या एका हातगाडीखाली कुडकुडत बसलेले गावठी पिल्लू आमच्या मुलांनी उचलून घरी आणले. त्याचे नाव मोत्या ठेवण्यात आले. दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडास ना अंगण, ना ओसरी, ना बांध. मोत्या दाराशी जाऊन उभा राही आणि माझ्या तोंडाकडे पाही. शेवटी दोरी हाती धरून मलाच घराबाहेर पडावे लागले.

त्या दिवसापासून आम्हा दोघांची पावले हळूहळू टेकड्यांकडे वळली. त्या टेकड्यांविषयी आजच्या पत्रात लिहावयाचे योजिले आहे. आणि त्याचबरोबर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयीही. ती वगळून हा मजकूर लिहिणे प्रामाणिकपणाचे झाले नसते.

हैदराबाद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चारमिनार उभा राहतो; परंतु ही नगरी खरोखर खडकांची नगरी आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. येथील ग्रॅनाइट मात्र सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. तो भूमीच्या पोटात खोल थिजला. वरचे थर युगानुयुगे झिजून गेले, तेव्हा उघडा पडला. मग उन्हाने त्याला भेगा पाडल्या, पावसाने त्याचे कोपरे घासले आणि कांद्याची साल सुटावी तसे त्याचे पापुद्रे सुटत गेले. त्यामुळे येथे एकावर एक गोल शिळा अशा ठेवलेल्या दिसतात, की एखाद्या बालकाने गोट्या रचाव्यात आणि आईच्या हाकेसरशी खेळ तसाच टाकून जावे. घरे बांधण्यासाठी यांतील कितीतरी शिळा फोडल्या गेल्या. उरलेल्या राखाव्यात म्हणून काही नागरिकांनी १९९६ साली येथे एक संस्था स्थापन केली आणि लोकांना या खडकांमधून पायी हिंडविण्याचा प्रघात पाडला. उत्पत्तीच्या ग्रंथातील पृथ्वीच्या घडणीचा अध्याय आपण देवळात कितीदा तरी ऐकतो. या शिळांवर हात ठेवला म्हणजे तो ऐकणाऱ्याची नम्रता आपोआप वाढते.

नामपल्लीहून सर्वांत जवळची टेकडी म्हणजे नौबत पहाड. पूर्वी नौबत वाजवून राजाज्ञा येथून पुकारीत असत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. पहाटे साडेपाचच्या सुमारास निघावे. सार्वजनिक बागेच्या, म्हणजे जुन्या बाग-ए-आमच्या कडेने जावे, विधानसभेची घुमटांची पांढरी इमारत ओलांडावी आणि चढणीच्या रस्त्यास लागावे. चढण सौम्य आहे. पिकल्या केसांच्या माणसानेही थांबत थांबत चढावी अशी. माथ्यावर १९७६ साली पूर्ण झालेले पांढऱ्या संगमरवराचे बिर्ला मंदिर आहे आणि जवळच १९८५ सालचे तारांगण. मंदिराच्या बऱ्याच अलीकडे मी मोत्याला घेऊन थांबतो. दुसऱ्यांच्या पवित्र स्थळाशी कुत्रा घेऊन जाऊ नये, हे सांगावयास पाटी कशाला हवी? आपल्या देवळात मिस्सेच्या वेळी एखादे कुत्रे शिरले तर सगळ्यांचे चित्त वेदीवरून कसे उडते, ते आपण जाणतोच. तेथून खाली सोळाव्या शतकात कुतुबशाही अमलात बांधलेल्या हुसेनसागराचे पाणी दिसते. पूर्वेकडे तांबडे फुटत असते. मोत्या नाक वर करून वाऱ्यात काहीतरी वाचतो, मी मनातल्या मनात प्रातःकाळची प्रार्थना म्हणतो, आणि आम्ही परततो.

दुसरी वाट बंजारा हिल्स आणि जुबिली हिल्स या भागांतली. तेथे कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात पुष्कळ मोर आहेत. आत कुत्र्याला मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. कारण कितीही गरीब स्वभावाचा कुत्रा असला तरी मोराच्या अंड्यांना त्याचा स्वभाव कसा कळावा? उद्यानाच्या बाहेरून मात्र पादचाऱ्यांची वाट आहे. किंचित चढउतार, वर झाडांची सावली. म्हाताऱ्या कुत्र्याला आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला अशी वाट फार मानवते. कुत्र्यांसाठी म्हणून वेगळे उद्यानही महापालिकेने २०१८ साली कोंडापूर भागात उघडले आहे. परंतु ज्याचे बालपण बांधावर गेले, त्याला बागेपेक्षा टेकडीच अधिक रुचते.

तिसरी वाट पश्चिमेकडच्या खाजागुड्याची. चहूकडे उंच उंच इमारती उठल्या आहेत आणि त्यांच्या मध्येच ते प्राचीन खडक अजून उभे आहेत. नामपल्लीहून हे अंतर मोठे. मेट्रोगाडीत प्राण्यांना प्रवेश नाही, आणि रिक्षावाला प्रथम मोत्याकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो, आणि मग भाडे सांगतो. म्हणून तेथे जाणे सुट्टीच्या दिवशीच घडते. मौला अलीच्या पहाडावर दर्गा आहे आणि वर जावयास शेकडो पायऱ्या आहेत. गोवळकोंड्याचा बालेकिल्लाही असाच उंच. ही स्थळे माणसांनी अवश्य पाहावीत, पण तेथे जाताना मोत्या घरी राहतो.

आता थोडे व्यवहाराचे. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाने घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. ग्रॅनाइट एकदा तापला की सूर्य ढळल्यावरही बराच वेळ निवत नाही. आपल्या पायांत वहाणा असतात, त्याच्या नसतात. म्हणून हाताची मागची बाजू खडकावर पाच अंक मोजेपर्यंत टेकवून पाहावी. आपल्याला चटका सोसवला नाही, तर त्यालाही तेथून नेऊ नये. पाणी दोघांचे न्यावे आणि आधी त्याला पाजावे, कारण त्याला मागता येत नाही. तो बसला की आपणही बसावे. घरी आल्यावर पंजांच्या बेचक्यांत आणि कानांच्या मागे गोचीड आहे काय, ते पाहावे. मोत्याबरोबर चालू लागल्यापासून माझे चालणे मंदावले. वाटेतला तरवड, खडकाच्या कपारीतला सरडा, धुक्यात दडलेली टिटवी, ही मला त्याच्या थांबण्यामुळे दिसली. एरवी मी घड्याळाकडे पाहत चालणारा माणूस.

आता ती चूक.

२०२३ साल होते. भाद्रपद संपत आला होता आणि तेलंगणात बतुकम्मेचे दिवस जवळ येत होते. या सणात येथील स्त्रिया रानफुलांची उतरंड रचून तिच्याभोवती फेर धरतात. त्यासाठी लागणारी तरवडाची पिवळी फुले, ज्यांना येथे तंगेडू म्हणतात, खडकाळ माळावर पुष्कळ फुलतात. त्या सकाळी खाजागुड्याच्या पायथ्याशी एक आजीबाई आपल्या सातआठ वर्षांच्या नातीला घेऊन फुले खुडीत होती. आजूबाजूस दुसरे कोणी दिसले नाही, म्हणून मी मोत्याची दोरी सोडली होती. फुलांची पाटी पाहून की मुलीचा रंगीत परकर पाहून, कोण जाणे, मोत्या उड्या मारीत तिच्याकडे धावला. मुलीने किंकाळी फोडली. मी दुरूनच हसत ओरडलो, ‘कुछ नहीं करता!’

वाचकहो, कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य असते. तो काही करीत नाही. आणि खरोखर त्याने काही केले नाही. तो मुलीपासून दोन हातांवर शेपटी हलवीत उभा राहिला. परंतु नातीला वाचवावयास आजीबाई धावली, गुळगुळीत खडकावरून तिचा पाय घसरला आणि ती हातावर पडली. मनगट मोडले. पाटीतली फुले सगळीकडे पांगली.

मी तिला दवाखान्यात नेले. हाड बसवून प्लास्टर घातले. खर्च मी दिला. आजीबाई मोठ्या मनाची, एका शब्दाने मला बोलली नाही. मुलगी मात्र तिच्या लुगड्याचा पदर घट्ट धरून उभी होती आणि सबंध वेळ दाराकडे पाहत होती. कुत्रा येईल म्हणून. घरी येताना मला वाटले, झाले ते वाईट झाले, पण आपण आपले कर्तव्य केले.

गनफाउंड्री भागात संत योसेफ यांचे महामंदिर आहे. १८७० साली त्याचा पाया घातला गेला, आणि मायकेलअँजेलोने घडविलेल्या पिएताची, म्हणजे मृत पुत्राला मांडीवर घेतलेल्या पवित्र मातेच्या मूर्तीची, प्रतिकृती तेथे आहे. त्या शनिवारी मी पापनिवेदनासाठी गेलो, तेव्हा इतर गोष्टींबरोबर हीही सांगितली. खरे म्हणजे सांगून टाकली. धर्मगुरूंनी शांतपणे विचारले, ‘दवाखान्याचे पैसे कोणाला दिलेत?’

‘आजीबाईला, फादर.’

‘आणि त्या मुलीला काय दिलेत?’

मला उत्तर देता आले नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत, याच शहरातील अंबरपेठेत, चार वर्षांच्या एका बालकाला भटक्या कुत्र्यांनी घेरून ठार केले होते. ती बातमी घरोघरी पोहोचली होती. ती चित्रे लोकांनी पाहिली होती. त्या मुलीला माझा मोत्या दिसलाच नव्हता; तिला ते कुत्रे दिसले होते. मला मोत्याचा स्वभाव ठाऊक होता, परंतु तिला तो ठाऊक असावा असा हक्क मला कोणी दिला होता? माझ्या मनातील खात्री तिच्या भीतीवर लादून मी वर हसलोही होतो. माझी खरी चूक ते हसणे होते.

नंतर कित्येक दिवस मला एकच गोष्ट आठवत राहिली. आल्प्स पर्वतातील एका बर्फाच्छादित खिंडीत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४७० मीटर उंचीवर, अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी वाटसरूंसाठी एक आश्रयगृह स्थापन केले. तेथील संन्यस्त बंधू सतराव्या शतकापासून मोठे कुत्रे पाळू लागले. हिमवादळात वाट चुकलेला, बर्फाखाली गाडला गेलेला माणूस हे कुत्रे वासाने शोधून काढीत. १८०० साली जन्मलेल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक जीव वाचविले असे सांगतात. बर्न शहरातील संग्रहालयात त्याचे शरीर आजही जतन केलेले आहे. त्याच्या गळ्यातले मद्याचे पिंप मात्र चित्रकारांची भर. पोप अकरावे पायस स्वतः तरुणपणी कसलेले गिर्यारोहक होते; त्यांनी १९२३ साली संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. ही गोष्ट मी माझ्या मुलांना हौसेने सांगत असे आणि मोत्याच्या पाठीवर थाप मारून ‘हा आमचा बॅरी’ असे म्हणत असे. डोंगरावर पडलेल्या माणसाला उठवावयास ते कुत्रे जात. माझ्या कुत्र्यामुळे उभे माणूस पडले. आणि त्यात दोष कुत्र्याचा नव्हता. त्या कुत्र्यांमागे शिकविणारे, सांभाळणारे बंधू होते, आणि मोत्यामागे मी होतो.

दुसरे स्मरण तोबीतच्या ग्रंथाचे. तरुण तोबियास दूरच्या प्रवासास निघतो, देवदूत राफाएल वाटाड्याच्या रूपाने त्याच्याबरोबर चालतो, आणि त्यांच्या मागोमाग घरचा कुत्राही निघतो. कथेत त्या कुत्र्याला काहीच काम नाही. तो निघताना दिसतो आणि परतताना दिसतो, इतकेच. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या महाभारतातही युधिष्ठिराच्या अखेरच्या पर्वतयात्रेत एक कुत्रा शेवटपर्यंत चालतो. माणसाच्या लांबच्या वाटेवर कुत्र्याने केवळ सोबतीला असावे, ही कल्पना पुष्कळ लोकांना पूर्वीपासून गोड वाटत आली आहे. परंतु तोबियासच्या कुत्र्याने वाटेत कोणाला भिवविल्याचे लिहिलेले नाही. तो मागून चालतो. सोबतीची ती जागा मोत्याला शिकविणे माझे काम होते.

मी नवी दोरी घेतली. लांबीने चार हात, पकडीला जाड. तेव्हापासून टेकडीवर माणूस दिसो वा न दिसो, ती सुटत नाही. समोरून कोणी आले की मी मोत्याला वाटेच्या कडेला बसवितो आणि स्वतः त्याच्या व त्या माणसाच्या मध्ये उभा राहतो. ‘काही करीत नाही’ हे शब्द मी सोडून दिले आहेत. त्याऐवजी म्हणतो, ‘धरला आहे, आपण जा.’ माणसे जातात. काही हसून जातात.

आजीबाईच्या घरीही जात राहिलो. प्रथम एकटाच. प्लास्टर निघेपर्यंत दर रविवारी मिस्सेनंतर फळे घेऊन जाई. मुलगी दाराआड राही. डिसेंबरात, नाताळच्या करंज्या घेऊन गेलो, तेव्हा आजीबाई आपण होऊन म्हणाली की, त्याला एकदा आण, पण लांबून. पुढल्या रविवारी मी मोत्याला घेऊन गल्लीच्या त्या टोकाला उभा राहिलो, दोरी मुठीला दोनदा गुंडाळून. मुलगी ओट्यावर आली. बराच वेळ पाहत राहिली. मग आजीला काहीतरी विचारले. आजीने ते मला ओरडून सांगितले. त्याचे नाव काय, असे ती विचारीत होती. मी नाव सांगितले. तिने ते एकदा पुटपुटून पाहिले आणि ती आत गेली. तिने त्याला अजून हात लावलेला नाही. मीही तशी अपेक्षा धरलेली नाही.

आता आपल्या गावातील वाचकांस चार शब्द सांगून पत्र आटोपतो. आपल्या दारचा कुत्रा मोकळा असतो, म्हणून त्याची जबाबदारी कोणाचीच नाही, असे आपण धरून चालतो. परंतु रात्रपाळी करून परतणारा कामगार, पहाटे दूध घालणारा मुलगा, सकाळच्या मिस्सेला एकटीच निघालेली म्हातारी, यांना आपल्या दारावरून जाताना हातात दगड घ्यावा लागत असेल, तर शेजारधर्मात आपण कोठे तरी उणे पडलो आहोत. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी टोचावी. पिसाळलेले जनावर चावल्यावर रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. परंतु वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ती लस टोचली आणि तो मुलगा वाचला. पाश्चरच्या मृत्यूचा दिवस, २८ सप्टेंबर, आता रेबीजविरोधी दिन म्हणून जगभर पाळला जातो. कुत्रा चावला, ओरखडला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. आणि मांत्रिकाच्या वा जडीबुटीच्या नादी न लागता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

आणि हे सारे केल्यावर, एखाद्या रविवारी दुपार कलली म्हणजे, घरच्या मुलांना आणि कुत्र्याला घेऊन गावाजवळच्या टेकडीवर अवश्य जा. वसईकरांना तुंगारेश्वराचा पायथा आहे, नगरकडच्या बांधवांना घराघरामागे माळ आणि डोंगर आहेत. त्यासाठी हैदराबादेस येण्याची गरज नाही. म्हाताऱ्यांना पुढे चालू द्या. त्यांच्या चालीने सगळे चाला. वर पोहोचल्यावर आपले देऊळ, आपले घर आणि ज्याच्याशी बांधावरून वाद चालू आहे त्याचेही घर, सारे एकाच दृष्टीत मावते. तेथे बसून एक जपमाळ म्हणा. कुत्र्याला त्यातले काही कळत नाही, पण तो शेवटपर्यंत बसून राहतो.

मोत्याच्या तोंडावरचे केस आता पांढरे होऊ लागले आहेत. हल्ली आम्ही नौबत पहाडाच्या अर्ध्या चढणीवरूनच परततो. तेथे एक सपाट दगड आहे. त्यावर मी बसतो आणि तो माझ्या पायाशी. दोरी हातातच असते, जरी आता तो ओढीत नाही.

दोरी मात्र न्यावयास विसरू नका.

आपला नम्र,
नामपल्लीकर